पाळीच्या दुखण्यावरची गोळी : आधी पट्टी वाचा



खताच्या पोत्यावर १०:२६:२६ लिहिलेले असले की नत्र किती, स्फुरद किती, पालाश किती हे आपण घडाघडा सांगतो. पण घरातल्या लेकीसुनांना पाळीत कळा येतात तेव्हा दुकानातून आणलेल्या गोळीत काय आहे, हे कोणी पाहत नाही. तीही मिश्र खतासारखी मिश्र गोळीच आहे. दुकानात बहुधा आपण पुरुषमंडळीच जातो, म्हणून हा धडा दोघांनीही वाचावा.

गोळीत काय असते?

सर्रास मिळणाऱ्या गोळीत मेफेनॅमिक ॲसिड २५० मि.ग्रॅ. व डायसायक्लोमिन १० मि.ग्रॅ. अशी दोन औषधे असतात. पाळीत गर्भाशयात प्रोस्टाग्लँडिन नावाचे द्रव्य तयार होते. त्याने पिशवी आवळली जाते आणि कळा येतात. पहिले औषध हे द्रव्य कमी करते, दुसरे पेटके सैल करते. काही गोळ्यांत दुसरे औषध पॅरासिटामॉल असते. नावे सारखीच वाटतात, म्हणून नावाखालचे घटक वाचावेत.

पट्टीवर लाल उभी रेघ दिसेल. तिचा अर्थ, हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घ्यायचे आहे. दुकानदार चिठ्ठी न मागता देतो म्हणून ते निर्धोक ठरत नाही.

हे ध्यानात ठेवा

१. उपाशीपोटी घेऊ नये. जठराला व्रण पडू शकतो. भाकरीचे दोन घास खाऊन मग घ्यावी.

२. गोळीवर गोळी नको. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन ही मेफेनॅमिकचीच भावंडे. अंगदुखीची गोळी वरून घेतली तर दुप्पट मात्रा होते. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असते.

३. उन्हाला जपा. डायसायक्लोमिनने घाम कमी येतो, अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. मार्च-एप्रिलच्या उन्हात, फडात, ही गोळी घेऊन राबले तर ऊन लागण्याचा धोका वाढतो. त्यात पाणी कमी प्यायले तर मेफेनॅमिकचा ताण मूत्रपिंडावर येतो. गुंगी येते, नजर धूसर होते. अशा वेळी हातात कोयता नको, कडबाकुट्टीजवळ जाणे नको.

४. अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, काचबिंदू किंवा ॲस्पिरिनने उठणारा दमा असेल तर ही गोळी घेऊ नये. अंगावर पाजणाऱ्या बाईनेही घेऊ नये. पाळी चुकली असेल तर आधी दिवस गेलेत का ते तपासावे.

५. पाळीचे पहिले दोन-तीन दिवस पुरे. महिनाभर चघळायचे हे औषध नव्हे.

भारतीय औषधसंहिता आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मेफेनॅमिकबाबत सावधगिरीची सूचना काढली. क्वचित कोणाला या औषधाची तीव्र ॲलर्जी होते. ताप, अंगभर पुरळ, गाठी सुजणे ही तिची लक्षणे. ती बहुधा दोन ते आठ आठवड्यांनी दिसतात, त्यामुळे गोळीची आठवणही राहत नाही. असे झाल्यास गोळी बंद करून पट्टीसह दवाखाना गाठावा. दुष्परिणाम १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर कळवता येतो.

दुखणे झाकू नका

दर महिन्याला कळा वाढत असतील, अंगावरून फार जात असेल, पाळी नसतानाही दुखत असेल, तर गोळीने दुखणे नुसते झाकले जाते. पुढे ते पिशवी काढण्यावर जाते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांचे हे प्रकरण २०१९ मध्ये उजेडात आले. शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२ हजारांवर स्त्रियांपैकी १३ हजारांवर स्त्रियांची पिशवी काढलेली आढळली. पाळीत काम बुडाले की खाडा कापला जातो, ही भीती त्यामागच्या कारणांत होती.

आपल्या फडात येणाऱ्या टोळीतही अशा बाया असतात. त्यांना सावली, प्यायचे पाणी आणि त्या दिवसांत खाडा न कापता विसावा मिळावा, असे मुकादमाला सांगणे सभासदाच्या हातात आहे.

तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. पुढची सोय नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात व लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत आहे. उसावर कीड दिसली की आपण त्याच दिवशी विचारपूस करतो. घरातल्या बाईच्या दुखण्याचीही तशीच करावी.