देवाचं नाव नसलेलं पुस्तक

आजचं वाचन : एस्तेर, अध्याय ४

एस्तेरच्या पुस्तकात १० अध्याय आहेत, पण मूळ हिब्रू पुस्तकात देवाचं नाव एकदाही येत नाही. तरीही यहुदी लोक अदार महिन्याच्या १४ तारखेला, पूरीमच्या सणाला, हेच पुस्तक रात्री एकदा आणि दिवसा पुन्हा पूर्ण वाचतात.

गोष्ट पारसाच्या शूशन राजवाड्यातली. मर्दखय आपल्यापुढे वाकत नाही, या रागापायी प्रधान हामान राज्याच्या १२७ प्रांतांतल्या सगळ्या यहुद्यांना मारायचं ठरवतो. दिवस ठरवायला तो चिठ्ठी टाकतो. ती चिठ्ठी म्हणजे ‘पूर’. त्यावरून सणाचं नाव पूरीम.

राणी एस्तेर स्वतः यहुदी, मर्दखयाने वाढवलेली. राजवाड्यात मात्र हे कुणाला ठाऊक नाही. मर्दखय निरोप पाठवतो, राजाकडे जा. पण न बोलावता गेलं तर मरणच. राजाने सोन्याचा राजदंड पुढे केला तरच जीव वाचणार. आणि ३० दिवसांत राजाने तिला बोलावलेलं नाही! तिची भीती खोटी नाही. ती सगळ्यांना तीन दिवस उपास करायला सांगते, आणि जाते. राजदंड पुढे होतो.

मग एका रात्री राजाला झोप लागत नाही. तो बखर वाचायला लावतो आणि मर्दखयाने कधीकाळी आपला जीव वाचवल्याचं त्याला कळतं. योगायोग? देवाचं नाव नाही, पण हात दिसतो.

म्हणून सणाच्या आधी एस्तेरचा उपास असतो. वाचताना हामानचं नाव आलं की मुलं खुळखुळे वाजवून ते बुडवून टाकतात. मित्राला खाऊ पाठवायचा, निदान दोन गरिबांना दान द्यायचं, मग मेजवानी. आपल्या कोकणातले बेने इस्राएल याला ‘होळीचा सण’ म्हणत, कारण तो होळीच्या सुमारास येतो.

मला हा अध्याय टोचतो. एका मीटिंगमध्ये एका ज्युनियरवर चूक ढकलली गेली. चूक त्याची नव्हती, मला माहीत होतं. माझा माइक म्यूटवरच राहिला. माझा तर जीवही जाणार नव्हता, फार तर अप्रेझल बिघडलं असतं.

देव काही करत का नाही, असं आपण विचारतो. कदाचित त्याने त्या खोलीत आपल्यालाच बसवलेलं असतं.

आजचा प्रश्न : कुणासाठी बोलायचं तुमचं राहून गेलंय? आज बोला.