चुना, रक्तदाबाची गोळी आणि गर्भधारणा

लग्नाला चार-पाच वर्षे झाली आणि पाळणा हलला नाही, की बोट सुनेकडे दाखवले जाते. नवऱ्याची तपासणी शेवटी होते. तीत शुक्रजंतूंची संख्या व हालचाल बरी निघाली की सारा दोष बाईच्या माथी. वाचकहो, ही घाई बरी नव्हे. का, ते समजून घेऊ.

आपण ज्याला चुना म्हणतो ते कॅल्शियम केवळ हाडांसाठी नसते. शुक्रजंतूच्या आत ते फारच थोडे असते. बाहेरच्या द्रवात सुमारे दहा हजारपट. शुक्रजंतूच्या शेपटीत कॅल्शियम आत घेणारी बारीक दारे आहेत. 2001 साली शास्त्रज्ञांनी ती शोधली आणि त्यांना कॅटस्पर हे नाव दिले. स्त्रीबीजाभोवतीच्या पेशींतून प्रोजेस्टेरॉन हे द्रव्य पाझरते, त्याने माणसात ही दारे उघडतात, हे 2011 साली दिसून आले. कॅल्शियम आत शिरले की शेपूट चाबकासारखी फटकारू लागते. डोक्यावरील टोपीतला रस मोकळा होण्यासही कॅल्शियम लागते. त्यानंतरच शुक्रजंतू बीजात शिरू शकतो. तो शिरल्यावर बीजाच्या स्वतःच्या साठ्यातून कॅल्शियमच्या लाटा उठतात आणि झोपलेले बीज जागे होते.

आता गोळ्यांकडे वळू. निफेडिपिन, अॅम्लोडिपिन, व्हेरापामिल, डिल्टियाझेम ही औषधे रक्तवाहिन्यांच्या भिंतीतील कॅल्शियमची दारे रोखतात. वाहिन्या सैल पडतात, दाब उतरतो. 1994 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशी औषधे घेणाऱ्या काही पुरुषांचे शुक्रजंतू नेहमीच्या तपासणीत ठीक दिसले, पण बीजाचे फलन करू शकले नाहीत. औषध बदलल्यावर हा दोष दूर झाला. हे पुरुष थोडेच होते. या गोळ्या घेऊन बाप झालेलेही पुष्कळ आहेत. म्हणून घाबरण्याचे कारण नाही, पण विचारण्याचे आहे.

मग करावे काय?

पहिले, गोळी आपल्या मनाने कधीही बंद करू नये. वाढलेला रक्तदाब मेंदू, हृदय व मूत्रपिंड यांवर घाला घालतो.

दुसरे, मूल हवे असल्यास नवऱ्याने आपण घेत असलेल्या सर्व औषधांची चिठ्ठी डॉक्टरांपुढे ठेवावी. रक्तदाबावर दुसऱ्या प्रकारची औषधेही आहेत. बदल करायचा की नाही, हे तेच ठरवतील.

तिसरे, बदलानंतर तीनेक महिने धीर धरावा. नवे शुक्रजंतू तयार व्हायला सत्तर-पंचाहत्तर दिवस लागतात.

चौथे, दुकानातून कॅल्शियमच्या गोळ्या आणून हा दोष जात नाही. उणीव कॅल्शियमची नसते, दार बंद असते.

तपासणीला नवरा-बायको दोघांनी बरोबरच जावे. सासूबाईंनीही तोवर सुनेला बोल लावू नये.