कैरी-कांद्याचा तक्कू

चाकण परिसरात उन्हाळी कांद्याची काढणी व कैरीचा हंगाम एकाच सुमारास येतो. जोडकांदा, डेंगळे आलेला व जाड मानेचा कांदा चाळीत टिकत नाही. सडून शेजारचा चांगला मालही नासवतो. तो निवडतानाच वेगळा काढावा. कवडीमोल विकण्यापेक्षा घरी तक्कूत खपलेला बरा. वाऱ्याने पडलेल्या कैऱ्याही, फुटलेल्या वा किडक्या नसल्यास, त्याच दिवशी वापराव्यात.

देठाकडील चीक स्वच्छ पाण्याने धुऊन कैरीची साल काढावी. दोन वाट्या किसात एक वाटी बारीक चिरलेला कांदा, लाल तिखट, चवीपुरता गूळ व मीठ मिसळावे. तेल, मोहरी, हिंग व हळद यांची फोडणी गार करून वर घालावी. कैरीच्या आंबटपणामुळे कल्हई नसलेले तांब्या-पितळेचे भांडे कटाक्षाने टाळावे.

मीठ व गूळ यांमुळे तक्कूस पाणी सुटते. म्हणून पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत डबा नेणाऱ्यांस ही दोन्ही पुडीत निराळी द्यावीत; त्यांनी ती जेवतेवेळी कालवावीत. तक्कू म्हणजे लोणचे नव्हे. सकाळी केलेला दुपारीच संपवावा, रात्रीसाठी राखू नये.