चेंडू परत मिळवणे शिकवता येते

फुटबॉलची टीम निवडताना बऱ्याच ठिकाणी एकच पद्धत दिसते. ज्याला ड्रिबल येते तो फॉरवर्ड, ज्याचा दम मोठा तो मिडफील्डला आणि उरलेले सगळे बॅकला. सातवी-आठवीच्या मुलांना तर एवढेच सांगतात, "बॉल आला की लांब मार." लांब मारलेला चेंडू बहुतेक वेळा पुन्हा समोरच्या टीमलाच मिळतो आणि पुढचा हल्ला सुरू होतो. बॅक दमतात, शेवटी गोल होतो आणि बोलणीही त्यांनाच बसतात.

डिफेन्सचे काम फक्त गोल अडवणे नाही. समोरच्याला चूक करायला लावून चेंडू परत मिळवणे हेही त्याचेच काम आहे. आणि हे कोचने शिकवले तर साध्या खेळाडूंनाही जमते, असे माझे मत आहे.

याचे सर्वांत चांगले उदाहरण इटलीतील एसी मिलान. १९८७ मध्ये आरिगो साकी या टीमचे कोच झाले. ते स्वतः कधी व्यावसायिक फुटबॉल खेळले नव्हते. त्याआधी ते वडिलांच्या बुटांच्या कारखान्यासाठी विक्रीचे काम करत. पहिल्याच मोसमात मिलानने इटलीची लीग जिंकली आणि ३० सामन्यांत फक्त १४ गोल खाल्ले. पुढे १९८९ आणि १९९० मध्ये सलग दोनदा युरोपियन कपही जिंकला.

साकींची पद्धत रूड गुलिट आणि मार्को व्हॅन बास्टेन यांना सुरुवातीला पटत नव्हती. तेव्हा साकींनी मैदानावरच परीक्षा घेतली. एका बाजूला गोलकीपर आणि चार बॅक, असे फक्त पाच जण. दुसऱ्या बाजूला गुलिट आणि व्हॅन बास्टेन यांच्यासह दहा जण. दहा जणांना गोल करायला १५ मिनिटे दिली. नियम एकच होता: पाच जणांनी चेंडू जिंकला की दहा जणांनी पुन्हा आपल्या हाफमधून सुरुवात करायची. साकींनी हा प्रयोग अनेकदा केला, पण दहा जणांना एकही गोल करता आला नाही. त्या चार बॅकमध्ये बरेसी आणि माल्दिनी होते हे खरे, पण समोरचेही काही कमी नव्हते. फरक होता तो शिस्तीचा. पाच जणांना आपली जागा माहीत होती, दहा जण आपापल्या मनाने खेळत होते.

साकींचा आग्रह असे की सर्वांत पुढच्या फॉरवर्डपासून सर्वांत मागच्या बॅकपर्यंतचे अंतर साधारण २५ मीटर असावे. मैदान शंभर मीटरच्या आसपास लांब असते, त्यावरून हे अंतर किती कमी आहे ते लक्षात येईल. टीम इतकी जवळ असली की समोरच्याला पास द्यायला जागाच मिळत नाही. सरावात ते कधी कधी चेंडूच देत नसत. चेंडू कुठे आहे ते तोंडाने सांगायचे आणि अकरा जणांनी त्याप्रमाणे सरकायचे. आपल्या ड्रिलसारखेच.

आता आपल्या उपयोगाच्या गोष्टी. पहिली म्हणजे कधी धावून जायचे. प्रत्येक वेळी धावलो तर दम जातो आणि मागे मोकळी जागा पडते. म्हणून इशारे ठरवून ठेवावेत. समोरच्याचा पहिला टच लांब गेला, त्याने मागे हळू पास दिला, त्याचे तोंड स्वतःच्या गोलकडे आहे किंवा तो टचलाइनला चिकटला आहे, तर लगेच जायचे. टचलाइन हा आपला जास्तीचा बॅक असतो, त्या बाजूला पास जातच नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे कोणी काय करायचे. जो सर्वांत जवळ असेल त्याने दबाव टाकायचा. गुडघे वाकवून, अंग थोडे तिरके ठेवून, नजर चेंडूवर. समोरच्याने पायांनी कितीही फसवले तरी चेंडू एकाच जागी असतो. उगाच स्लाइडिंग टॅकल करायची नाही, जमिनीवर पडलेला बॅक काही सेकंद खेळाबाहेर जातो. दुसऱ्याने त्याच्या मागे तिरके उभे राहून त्याला कव्हर द्यायचा. तिसऱ्याने पास कुठे जाणार हे ओळखून ती वाट बंद करायची. चेंडू पुष्कळदा पहिला जिंकत नाही. त्याच्या दबावामुळे घाईत दिलेला पास दुसऱ्याला किंवा तिसऱ्याला मिळतो.

तिसरी गोष्ट म्हणजे चेंडू गेल्यानंतरची पाच-सहा सेकंदे. पेप गार्डिओलांची बार्सिलोना टीम याच वेळात चेंडू परत मिळवण्यासाठी प्रसिद्ध होती. ज्याने नुकताच चेंडू जिंकला आहे त्याची नजर खाली असते आणि त्याचे साथीदार अजून जागेवर आलेले नसतात. तेव्हा हात वर करून रेफरीकडे बघत बसू नये.

सरावासाठी लहान चौकोनात चार विरुद्ध चार खेळावे. चेंडू गमावल्यावर सहा आकडे मोजून होण्याआधी तो परत मिळवला तर एक गुण द्यावा. "जा", "थांब", "आत" असे एकेका शब्दाचे हुकूम ठरवावेत आणि ते मागच्या खेळाडूने द्यावेत, कारण त्याला सगळे मैदान दिसते. मी आमच्या हाउसच्या सामन्यांत कोणी किती वेळा चेंडू जिंकला हे वहीत लिहितो. ती नोंद वाचून दाखवल्यावर जे बॅक गप्प बसायचे ते आता सामन्याविषयी बोलू लागले आहेत.

सगळ्या हाउस कॅप्टनना माझी विनंती आहे, की पुढच्या इंटर-हाउसआधी आठवड्यातला एक गेम्स पिरियड फक्त डिफेन्ससाठी ठेवावा. आणि ज्युनियरला बॅकला उभे करताना, तू तिथे का आहेस, हेही त्याला सांगावे.