आज्ञा आणि कागद

दिल्लीच्या उत्तरेकडील रिज टेकडीवर हिंदूराव रुग्णालय आहे. हे नाव मराठी वाचकास परके नाही. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे बंधू हिंदूराव घाटगे यांचा वाडा एकोणिसाव्या शतकात या टेकडीवर होता. त्यांचेच नाव परिसराला मिळाले.

अशा कोणत्याही मोठ्या रुग्णालयात तपासणीचे अहवाल, औषधांच्या याद्या आणि घरी सोडण्याची पत्रे छापावी लागतात. समजा, एखादी परिचारिका आज प्रसूती विभागात आणि उद्या अपघात विभागात काम करते. ती जेथे बसेल तेथील प्रिंटरवरच कागद निघाला पाहिजे. तो दुसऱ्या मजल्यावर निघाला, तर रुग्णाची खाजगी माहिती परक्याच्या हाती पडते आणि इकडे उपचार खोळंबतात.

प्रत्येक संगणकापाशी जाऊन हाताने प्रिंटर जोडणे हे वेळखाऊ काम आहे. त्याऐवजी ‘लॉगिन स्क्रिप्ट’ वापरतात. स्क्रिप्ट म्हणजे क्रमाने लिहून ठेवलेल्या आज्ञांची यादी. वापरकर्त्याने आपले नाव व परवलीचा शब्द दिला, की ती आपोआप पार पाडली जाते.

विंडोज प्रणालीत ‘नेट यूज’ ही आज्ञा ‘एलपीटी १’ या द्वाराला सर्व्हरवरील प्रिंटर जोडते. मात्र त्या द्वाराला आधीची जोडणी असेल, तर नवी जोडणी नाकारली जाते. म्हणून स्क्रिप्टमध्ये प्रथम जुनी जोडणी तोडण्याची आज्ञा लिहावी, नंतर नवी जोडण्याची. लिनक्समध्ये हे काम १९९९ साली आलेली ‘कप्स’ ही मुद्रणव्यवस्था करते. तेथे ‘एलपीॲडमिन’ने प्रिंटरची नोंद होते, ‘एलपीऑप्शन्स’ने नेहमीचा प्रिंटर ठरतो आणि ‘एलपीस्टॅट’ने रांगेतील कामे दिसतात.

येथे एक विचार महत्त्वाचा आहे. माणसे जागा बदलतात. प्रिंटर सहसा बदलत नाही. म्हणून स्क्रिप्टने व्यक्तीचे नाव न पाहता संगणकाचे नाव पाहावे आणि त्यावरून जवळचा प्रिंटर निवडावा.

सोयीबरोबर सावधगिरीही हवी. २०२१ साली विंडोजच्या मुद्रणसेवेत ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाचा गंभीर दोष उघडकीस आला. त्यानंतर प्रिंटरचा चालक, म्हणजे ड्रायव्हर, बसवण्याचा अधिकार मूलतः प्रशासकापुरता मर्यादित झाला. त्यामुळे चालक आधी प्रशासकाने बसवावा. स्क्रिप्टकडे केवळ जोडणीचे काम ठेवावे.

आज्ञेतील एक अक्षर चुकले, तरी कागद भलतीकडे जाऊ शकतो. म्हणून स्क्रिप्ट प्रथम एकाच संगणकावर तपासून पाहावी आणि मगच सर्वांना लागू करावी.

स्वाध्याय
१. नवी जोडणी करण्यापूर्वी जुनी का तोडावी लागते?
२. प्रिंटर निवडताना संगणकाचे नाव पाहणे अधिक योग्य का?
३. ‘सोयीबरोबर सावधगिरीही हवी’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.