जुनी कट्यार घेताना

जुन्या कट्यारींचा बाजार लोखंडावर कमी आणि गोष्टींवर जास्त चालतो. पुण्यातल्या एका संग्राहकाने सरदार घराण्यातली म्हणून घेतलेली कट्यार अशीच होती: मुठीवर सोनेरी वेलबुट्टी, पात्यावर जौहराच्या नागमोडी रेषा आणि विक्रेत्याच्या तोंडी पानिपत. पैसे देऊन झाल्यावर एका जाणकाराने भिंग लावले. सोने नव्या मुलाम्याचे निघाले, रेषा ॲसिडने उठवलेल्या. तेव्हापासून ते गृहस्थ आधी वस्तू पाहतात, गोष्ट नंतर ऐकतात.

पाहायला सुरुवात मुठीपासून करावी. दोन उभ्या पट्ट्या आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या दांड्या, अशी ही मूठ. ठोसा मारावा तसा वार करायचा. त्यामुळे वापराची झीज दांड्यांवर, तळहात आणि बोटे टेकतात तिथे हवी. ती कोपऱ्याकोपऱ्यांत सारखीच पसरली असेल तर सावध व्हावे. मुठीवरच्या सोनेरी वेलबुट्टीच्या कामात, म्हणजे कोफ्तगरीत, पोलादावर आधी बारीक आडव्याउभ्या रेघा ओरखडतात आणि त्यांवर सोन्याची तार ठोकून बसवतात. सोने झिजले की ही जाळी उघडी पडते. पाऱ्याचा मुलामाही जुन्या काळी होत असे, म्हणून जाळी नाही एवढ्यावरून वस्तू खोटी ठरत नाही. पण कोफ्तगरी म्हणून किंमत मागत असतील तर ती जाळी दिसलीच पाहिजे.

जौहर ओळखणे अवघड. मुशीत वितळवून केलेल्या, साधारण दीड टक्का कार्बनच्या पोलादात त्या रेषा धातूच्या अंगातच असतात. आजच्या तेलंगणातले कोनासमुद्रम या पोलादासाठी नावाजलेले होते. पाजळून पाजळून धार झिजली, तरी तिथे नक्षी पुढे चालू राहते. नकली नक्षी वरवरची असते. खात्री करायला घरी पाते घासू नये. अस्सल वस्तूचा जुना पृष्ठभाग एकदा गेला की परत येत नाही.

गंजही बोलतो. जुना गंज काळपट, घट्ट, सांध्यांच्या आत शिरलेला. मीठ किंवा ॲसिड लावून आणलेला बहुधा नारिंगी, भुसभुशीत, चोळला की बोटाला लागणारा. सांध्यात विजेच्या वेल्डिंगचा ओघळ किंवा पात्यावर यंत्राचे समांतर ओरखडे दिसले, तर काम अलीकडचे.

मात्र पाते एका जातीचे आणि मूठ दुसऱ्या जातीची, म्हणून लगेच नकली म्हणू नये. दख्खनमध्ये आणि दक्षिणेत युरोपीय तलवारींची पाती कापून कट्यारींना बसवत. अशा पात्यांवर लांब पन्हळी असतात आणि ती रिव्हेटने जोडलेली दिसतात. ही त्या काळातलीच जोडणी. कालपरवा दोन मोडक्या कट्यारींतून एक केलेली असेल, तर रिव्हेटभोवती धातूचा रंग वेगळा दिसतो.

नामवंत संग्रहालयेही परंपरेच्या गोष्टीला पुरावा मानत नाहीत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडून 2024 मध्ये साताऱ्याला आलेली वाघनखे साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याच्याकडे होती. शिवरायांशी असलेले नाते वाघनखांच्या पेटीवर लिहिलेले आहे. तरीही ती अफझलखानाच्या भेटीतलीच याची खात्री देता येत नाही, असे ते संग्रहालय स्वतः म्हणते. अशा संग्रहालयांत अस्सल वस्तू तासन् तास पाहाव्यात. सरावलेला डोळा खोटी वेलबुट्टी लवकर पकडतो.

राहिला कायदा. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. म्हणून पावतीवर काळ, धातू, केलेली दुरुस्ती आणि मागचा मालक हे विक्रेत्याकडून लिहून घ्यावे. तोंडी इतिहास सांगायला तयार असलेला विक्रेता तो लिहून द्यायला नकार देत असेल, तर त्या इतिहासाचे पैसे देऊ नयेत.