स्वातंत्र्याचा विनियोग

अंबाजोगाई, जि. बीड

चि. भाचीस,


व्यक्तिस्वातंत्र्य हे आयुष्याचे ध्येय मानावे काय, असे तू विचारले आहेस. या प्रश्नाचे उत्तर ग्रंथांत शोधण्याआधी आपल्या मुलखात शोधावे, असे मला वाटते.

दसरा सरला की वाड्यावस्त्यांवरून ऊसतोडीला निघणारी बिऱ्हाडे तू लहानपणापासून पाहत आली आहेस. ज्याने हंगामापूर्वीच मुकादमाकडून मजुरीपोटी आगाऊ उचल घेतली, ज्याची कारभारीण त्याच्यासह एकाच कोयत्यात, म्हणजे नवरा-बायको मिळून एकच मजूर अशा हिशेबात, मोजली गेली, दुखण्याने फडावर जाता आले नाही तर ज्याच्या नावे खाड्याचा दंड मांडला जातो, आणि हंगामाअखेर बाकी अंगावर राहिली तर ज्याचे पुढचे सालही आताच बांधले जाते, त्या माणसाला मुलांची शाळा, पत्नीचे बाळंतपण वा स्वतःचा औषधोपचार यांपैकी कशाचाही निर्णय आपल्या मुखत्यारीने करता येत नाही. व्यक्तिस्वातंत्र्य ही सुखवस्तूंची चैन आहे असे म्हणणाऱ्यांनी ही उचलीची वही एकदा उघडून पाहावी. स्वातंत्र्य नसेल तर माणसाच्या सद्‌गुणांनाही वाव उरत नाही; म्हणून त्यासाठी झटणे सर्वथैव सार्थ आहे.

परंतु ते लाभल्यावर त्याचे करावयाचे काय? याचे उत्तर हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या आयुष्यात सापडते. ते संन्यासी होते. घर, संसार, पूर्वाश्रमीचे नावदेखील त्यांनी टाकले होते. वैयक्तिक मुक्ती हेच अंतिम साध्य असते, तर एखाद्या मठात स्वस्थ बसण्यास त्यांना कोणाची आडकाठी नव्हती. तरीही त्यांनी या आपल्या गावात, तेव्हाच्या मोमिनाबादेत, योगेश्वरी विद्यालयात मुले शिकविली. आणि ज्या निजामी अंमलात साधी सभा भरविण्यासही सरकारची परवानगी लागे, त्या अंमलाविरुद्ध 1938 साली सत्याग्रहात उडी घेऊन कैद पत्करली. 17 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले, त्यामागे अशा अनेकांनी स्वेच्छेने खर्चिलेले स्वातंत्र्य आहे.

यावरून माझा निर्णय असा, की स्वातंत्र्य हे अत्यावश्यक साध्य आहे, पण अखेरचे नव्हे. ते मिळविलेच पाहिजे, आणि मिळाल्यावर कोणाच्या तरी उपयोगी पडले पाहिजे. नुसते सांभाळून ठेवले तर त्याचे रूपांतर एकलकोंड्या स्वार्थात होण्यास वेळ लागत नाही.

तेव्हा स्वतःच्या कमाईवर उभी राहा. विवाह आणि व्यवसाय या बाबतींत आपला अधिकार कोणाच्याही स्वाधीन करू नकोस, माझ्या भिडेखातर तर मुळीच नको. तू कायद्याचा अभ्यास करीत आहेस; उद्या सनद हाती येईल. त्या दिवसापासून, जिला आपल्या उचलीचा हिशेब वाचता येत नाही अशा एका तरी बाईसाठी तो वाच, आणि त्यातील अन्याय्य बाकी खोडून निघेपर्यंत तिची पाठराखण कर.

तुझा,
मामा